पेठेतलं पाखरू

वनखात्यात नोकरी केली म्हटलं की लोक आधी विचारतात, वाघ पाहिला का. मी सोलापूर जिल्ह्यात वनपाल होते. माझ्या हद्दीत झाडाची बरी सावली दिसली तरी माणसं गाडी थांबवून डबा उघडतात, तिथं वाघ काय करणार? आमच्याकडे आहे तो माळ. मुरमाड जमीन, गुडघाभर कुसळी गवत, मध्येच एखादी बोर नाहीतर बाभळ. त्या गवतात जमिनीवर राहणारी पाखरं असतात. तित्तिर, लावा, पखुर्डी. यांना उडण्यापेक्षा पळणं बरं वाटतं, आणि दुर्दैवानं यांचं मांस माणसाला फार आवडतं. माझ्या नोकरीतला बराच काळ या पाखरांच्या आणि माणसांच्या मध्ये उभं राहण्यात गेला.

पूर्वी म्हणे शिकारीचे नियम पुस्तकभर असायचे. कुठल्या महिन्यात मारायचं, किती मारायचं, मादी ओळखायची कशी. आता नियम एकच आणि तो दोन शब्दांत मावतो, शिकार बंद. नियम छोटा असला की तो समजावून सांगायला जास्त घसा कोरडा करावा लागतो, हे मला नोकरीनं शिकवलं.

सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात एक गृहस्थ यायचे. नवी पेठेत कापडाचं जुनं दुकान, दिसायला एकदम सात्त्विक. त्यांच्या वडिलांच्या नावाचा शिकारीचा परवाना त्यांनी जपून ठेवला होता आणि त्याचं नूतनीकरण करून हवं होतं. स्वतः त्यांनी आयुष्यात डासही विचार करून मारला असेल. शिकार कायमची बंद आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलंही. जाताना म्हणाले, ठीक आहे, पण सुरू झालीच तर पहिला नंबर माझा लावा. मग दर दिवाळीला चिवड्याचा पुडा घेऊन यायचे आणि टेबलाशी वाकून हळूच विचारायचे, "झाली का सुरू?" मी नाही म्हटलं की समाधानानं परत जायचे.

दुसरा एक ढाबेवाला, अक्कलकोट रस्त्यावरचा. बाहेर भलामोठा फलक, 'तित्तर मसाला'. गाडी घेऊन गेलो, भटारखाना तपासला. पातेल्यात होती ती बटेर. ही लाव्याची परदेशी भावंडं, कोंबड्यांसारखी शेडमध्ये वाढवलेली. ती विकायला बंदी नाही. मी म्हटलं, मग फलकावर तसं लिहा, खोटं कशाला सांगता? तो म्हणाला, बटेर लिहिलं तर गिऱ्हाईक विचारतंय हे काय असतंय, तित्तर लिहिलं की गाडी वळतीय. आठ दिवसांनी पाहिलं तर नवा फलक लागला होता, 'जंगली तित्तर मसाला (पाळीव)'. मी तो तसाच राहू दिला. दोन्ही बाजूंचं समाधान झालं होतं.

या दोन गोष्टी सांगायला सोप्या आहेत. बिराप्पामामांची तशी नाही.

वळसंगच्या पुढं एक वाडी आहे. धनगरांची घरं जास्त, थोडी शेती, बाकी मेंढरं. माणसं मराठी बोलतात, पण मेंढरांशी आणि भांडताना कानडी. चैत्रात तिथं बिरोबाची जत्रा भरते. पालखी निघण्याआधी देवळाच्या पायरीवरून एक तित्तिर उडवतात आणि तो कुठल्या दिशेला जातो त्यावरून पावसाचं भाकीत सांगतात. पाखराला कुणी मारत नाही, खात नाही. ते पकडून आणायचं, उडवायचं आणि भाकीत सांगायचं, हा मान एका घराचा. त्या घरातले कर्ते म्हणजे बिराप्पा. सत्तरीकडे झुकलेले, उंच, काटक, आणि बोलायला अतिशय कंजूष.

आता हे शेकडो वर्षं चाललं असेल, कुणाला पत्ता नव्हता. पण एका जत्रेत कुणीतरी फोनवर चित्रण केलं आणि ते फिरत फिरत पुण्याच्या एका पक्षिप्रेमी गृहस्थांपर्यंत पोचलं. त्यांनी वरच्या ऑफिसला तक्रार केली. तक्रार बरोबरच होती. कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. जिवंत पकडणं, फासे लावणं, अंडी उचलणं, सगळं शिकारीतच मोडतं. घटकाभर हातात धरून सोडून दिलं तरी गुन्हा तो गुन्हाच.

साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, यंदाच्या जत्रेत असं झालं तर मानकऱ्यावर गुन्हा नोंदवावा लागेल, त्याआधी गावाला समजावून काहीतरी नियम ठरवून या. मीच का, तर साहेबांचं म्हणणं असं की मी बौद्ध घरातली, मला देवदेवस्कीचं भय नाही, मी न कचरता बोलेन. भय नव्हतं हे खरं. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून जत्रा-नवस बंद झाले होते. पण दुसऱ्याच्या देवाविषयी बोलताना जीभ जास्तच सांभाळावी लागते, हे साहेबांना कोण सांगणार? मी मुकाट जीप काढली.

देवळाच्या मंडपात गाव बसलं. मी कायदा सांगितला. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि मग सगळे बिराप्पांकडे बघायला लागले. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न गावाचा कमी आणि या एका माणसाचा जास्त आहे. मानाचा रिवाज असा की ज्या वर्षी मानकऱ्याला पाखरू आणता आलं नाही, त्या वर्षीपासून मान भावकीतल्या दुसऱ्या घराला जातो. ते दुसरं घर म्हणजे चुलतभाऊ म्हाळाप्पा, तिथंच खांबाला टेकून मिशीवर हात फिरवत बसलेले. आणि ज्याच्यावर पोलिसांत नाहीतर कोर्टात प्रकरण आहे त्यानं पालखीला हात लावायचा नाही, असाही रिवाज. म्हणजे बिराप्पांनी तित्तिर आणला तरी मान जाणार आणि नाही आणला तरी जाणार.

"बाई," ते म्हणाले, "मी पाखरू पकडतो ती शिकार म्हनून न्हवं."

मी म्हटलं, "मामा, मला माहीत आहे. पण कायदा तुमच्या मनात काय आहे ते बघत नाही, हातात काय आहे ते बघतो."

हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी वापरलेलं होतं.

पाखरू ते पकडायचे कसे, हेही त्या दिवशी समजलं. जत्रेच्या आदल्या पहाटे एकट्यानं माळावर जायचं. गवतात पालथं पडायचं आणि तोंडानं नर तित्तिराची साद घालायची. माळावरचा खरा नर आपल्या हद्दीत कोण शिरलं म्हणून भांडायला धावत येतो आणि घोड्याच्या केसांच्या फाशात पाय अडकवून घेतो. यासाठी माळ राखायचा. दसऱ्यापासून जत्रेपर्यंत त्या माळावर मेंढरू घालायचं नाही, गवत कापायचं नाही, कुत्रं न्यायचं नाही. मोडलं तर देवाला नारळ आणि गावाला जेवण. मानकरी सोडून कुणी तिथलं पाखरू धरायचं नाही, आणि मानकऱ्यानंही वर्षात एकच. राखणीचं काम मानकऱ्याचं. मी हे ऐकून घेतलं आणि चहा प्यायले. त्या वेळी मला जत्रेची काळजी होती.

मग पर्याय निघायला लागले. कुणी म्हणालं, कोंबडा उडवा. त्यावर बायकांनीच आक्षेप घेतला की कोंबडा उडून उकिरड्यावर जातो, दरवर्षी उकिरड्याचं भाकीत सांगायचं काय? मी कबुतर सुचवलं. म्हाळाप्पा म्हणाले, "कबूतर ज्येनं पाळलं त्येच्याच घरला जातंय म्याडम. त्यात देवाचं काय ऱ्हायलं?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पाखरू असं हवं की ज्याला कुठं जायचं ते आधी ठरलेलं नाही.

मला ढाबा आठवला. मी म्हटलं, लाव्याच्याच जातीचं पाळीव पाखरू मिळतं, बाजारात, उघडपणे. त्याला कायद्याची आडकाठी नाही. फक्त उडवल्यावर परत धरून आणायचं, कारण शेडमधली पाखरं माळावर सोडली की तिथल्या लाव्यात मिसळतात आणि जात बिघडते. गाव कुजबुजलं. लावा म्हणजे तित्तिराचा धाकटा भाऊ, चालेल, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. नियम झाला की पाखरू पाळीव असावं, ते मानकऱ्यानंच उडवावं आणि मान त्याच घरात राहावा. बिराप्पांनी मान हलवली.

जत्रेच्या दोन दिवस आधी मीच सोलापुरात चिकनच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "कटिंग करके दूँ ना मॅडम?" मी म्हटलं, नको, जिवंत द्या आणि त्यातलं तरतरीत बघून द्या. त्यानं मला नीट न्याहाळून विचारलं, "कितने लोगां खानेवाले?" मी म्हटलं, खाणारं कुणी नाही, पण बघणारं आख्खं गाव आहे. त्यानं पुढं काही विचारलं नाही. जाळीच्या खोक्यात ते पाखरू घेऊन मी वाडीवर पोचवलं. बिराप्पांनी ते तळहातावर घेतलं, पंख उलगडून पाहिला, फुंकर मारून पिसांखालची कातडी पाहिली आणि बायकोकडे दिलं. बायको, गंगव्वा, म्हणाली, लई गोजिरं हाय की. बिराप्पा म्हणाले, "लई मऊ हाय."

मला त्यातलं काही कळलं नाही. बटेर मी तोवर फक्त पातेल्यात पाहिली होती, हे इथं सांगून टाकते.

जत्रेच्या दिवशी मी पायरीच्या बाजूला उभी होते. गणवेशात, म्हणजे उगाच कुणी शंका घ्यायला नको. ढोल वाजत होते, भंडारा उडत होता, माझी टोपीसुद्धा पिवळी झाली होती. बिराप्पा नवं धोतर, घोंगडी खांद्यावर, अशा थाटात पायरीवर आले. ढोल थांबले. त्यांनी देवाचं नाव घेतलं, दोन्ही हात उंच केले आणि ओंजळ उघडली.

पाखरू ओंजळीतच बसून राहिलं.

त्यांनी हात थोडे हलवले. मग हलकेच वर झोकलं. पाखरानं पंख फडफडवल्यासारखं केलं आणि ढेकूळ पडावं तसं दोन पायऱ्या खाली येऊन पडलं. लागलं नव्हतं. उठलं, अंग झाडलं आणि भंडाऱ्यात पडलेले ज्वारीचे दाणे टिपायला लागलं. शेडमध्ये जन्मलेल्या त्या जिवाला आभाळ माहीतच नव्हतं, ते कुठं उडणार? हे मला तेव्हा सुचलं.

म्हाळाप्पा गर्दीतून पुढं आले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मान पेलंना तर सोडून द्यावा, आन्ना. देवानं दावलं."

बिराप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते दोन पायऱ्या उतरले आणि पाखराजवळ उकिडवे बसले. ते पाखरू बिनघोर त्यांच्या अंगठ्याजवळचा दाणा टिपत होतं. मग उभे राहिले आणि त्यांनी गावालाच विचारलं, "पाखरू कुटं गेलं?"

एक म्हातारी म्हणाली, "हितंच हाय की."

"मग पाऊस बी हितंच हाय," बिराप्पा म्हणाले. "पाखरानं गाव सोडलं न्हाय. औंदा तुमी बी कुनी सोडायचं न्हाय."

मग ढोल असे वाजले की मला दचकायला झालं. बायका डोळे पुसत होत्या. दरवर्षी मेंढरं घेऊन नाहीतर साखर कारखान्यांना ऊस तोडायला ज्यांची माणसं बाहेर जातात, त्या बायका होत्या. म्हाळाप्पांनीही भंडारा उचलून बिराप्पांच्या कपाळाला लावला, त्यांना दुसरा इलाजच उरला नव्हता. मी गर्दीत वाकून ते पाखरू उचललं आणि खोक्यात ठेवलं. मला रडू येत होतं, आणि गणवेशात रडू नये असं शिकवलेलं असल्यामुळे मी उगाच खोक्याची दोरी सोडून परत बांधली.

त्या वर्षी पाऊस आमच्याकडे पडतो तेवढाच पडला. जायची ती माणसं दिवाळीनंतर गेलीच. पण भाकीत चुकलं असं कुणी म्हटलं नाही. ते पाखरू मादी निघालं, गंगव्वाच्या कोंबड्यांत राहिलं आणि चिमुकली ठिपक्यांची अंडी देत राहिलं. साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. लोकसहभागातून शिकारबंदी, असं काहीतरी म्हणाले. पुण्याच्या गृहस्थांचंही आभाराचं उत्तर आलं. दुसऱ्या वर्षापासून गाव स्वतःच पेठेतून पाखरू आणायला लागलं, आणि ते उडू नये असाच आता आग्रह होता. एका वर्षी आणलेलं पाखरू पायरीवरून खरोखरच चार हात उडालं, तर लोकांचे चेहरे पडले. आणताना नीट बघून का आणलं नाही, म्हणून आणणाऱ्याला बोलणी बसली.

माझी बदली झाली, काही वर्षांनी पुन्हा त्याच भागात झाली. त्या काळात कधीतरी ग्रामसभेत एकानं विचारलं की पाखरू जर पेठेतून येतंय तर माळ कशाला बंद ठेवायचा. प्रश्न रास्त होता. तित्तिर धरायचा नाही, मग तित्तिरासाठी गवत कशाला राखायचं? बिराप्पांना उत्तर देता आलं नाही. मानकरी म्हणून माळ राखायचा हक्क त्यांना होता तो तित्तिरापायी, आणि तित्तिर मी काढून घेतला होता. मला कळलं तेव्हा मी ग्रामपंचायतीत गेले, गवताचं महत्त्व सांगितलं, घरटी जमिनीवर असतात हे सांगितलं. सरपंचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, माळ वनखात्याचा आहे का? नव्हता. ते गावाचं गायरान होतं. माझ्या अखत्यारीत पाखरं होती, गवत नव्हतं.

पहिल्या वर्षी मेंढरं शिरली. मग कडेकडेनं नांगर लागला. मग उरलेल्यावर सौरऊर्जेच्या काचा आल्या, रांगेनं, तारेच्या कुंपणात. यात बेकायदेशीर काही झालं नाही. सह्या झाल्या, ठराव झाले, गावाला दरवर्षी भाडं मिळतं, त्यातून शाळेला दोन खोल्या झाल्या. कुणीही एकसुद्धा तित्तिर मारला नाही. माझ्या हद्दीत त्या गावाच्या नावावर शिकारीचा एकही गुन्हा नाही, हे मी निवृत्त होताना अभिमानानं लिहून दिलं, आणि ते खरं आहे.

आज पुन्हा ती वेळ आली तर मी काय करीन, असं माझी मुलगी विचारते. मी कायदाच सांगीन. दुसरं सांगायला माझ्याकडे काही नव्हतं आणि नाही. पण गावानं एका पाखरासाठी अख्खा माळ राखला होता, आणि आम्ही ते एक पाखरू वाचवलं, याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं.

निवृत्तीनंतर गेल्या चैत्रात मी वाडीवर गेले होते, पाहुणी म्हणून, साडी नेसून. बिराप्पा आता काठी घेऊन चालतात. गंगव्वा राहिली नाही. जत्रा झाली, पाखरू पायरीवर बसलं, बिराप्पांनी पाऊस हितंच हाय म्हणून सांगितलं, ढोल वाजले. नंतर आम्ही दोघं देवळामागच्या कट्ट्यावर बसलो. समोर कुंपण होतं आणि पलीकडे माळाच्या जागी काचा चकाकत होत्या. मी म्हटलं, मामा, मान अजून तुमच्याकडेच आहे, बरं वाटलं.

ते म्हणाले, "हाय की. तुमीच राकला." मग काठी दोन्ही हातांत धरली. "त्या टायमाला तुमी केस केली असती बाई, तर बरं झालं असतं. मान म्हाळाप्पाकडं गेला असता. त्यो लई आडमुठा. चोरून का हुईना, त्यानं तित्तरच आनला असता."